कोकणातील नवे उद्योग आणि बौद्धवाडी

रत्नागिरी जिल्ह्यात गेली तीस वर्षे एक वाद अखंड चालू आहे. १९९२ साली गुहागर तालुक्यात एन्रॉनचा वीजप्रकल्प आणायचे ठरले तेव्हा त्याला तोंड फुटले. पुढे जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा प्रश्न आला, नाणारच्या रिफायनरीचा आला. २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती-परीक्षणाच्या वेळी पोलीस आणि गावकरी समोरासमोर उभे राहिले. एका बाजूचे म्हणणे असे की, मोठ्या प्रकल्पाशिवाय कोकणाचे दारिद्र्य हटणार नाही. दुसरी बाजू म्हणते, आम्हाला विषारी कारखाने नकोत. आंबा, काजू, मासळी आणि पर्यटन यांवर कोकण उभे राहील, स्थानिकांचे उद्योग स्थानिकांच्या हाती राहतील आणि निसर्गही वाचेल.

मी या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. तिच्या मोर्चांतून चाललो आहे. अशाच एका सभेत व्यासपीठावरून हा युक्तिवाद रंगात आला असताना माझ्या शेजारी बसलेला बौद्धवाडीतला एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाला, “आंबा त्यांचा, मासळी त्यांची, पर्यटन पन त्यांचाच. आपला काय?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी त्या वेळी नव्हते. सभा संपल्यावर घोषणा दिल्या आणि घरी आलो. परंतु प्रश्न डोक्यातून गेला नाही. प्रकल्पाला विरोध करताना आपण ज्या पर्यायाची ग्वाही देतो, त्या पर्यायात आपल्या माणसाला जागा कोठे, हे आपणच तपासायचे नाही तर कोणी तपासायचे? म्हणून या पर्यायाचे जे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे तेच येथे विचारासाठी घेतो. वाईट उदाहरण घेऊन नाक मुरडणे सोपे असते.

हे उदाहरण मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे. वेळास म्हटले की शाळेत नाना फडणवीसांचे गाव म्हणून शिकवतात. आज ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. मादी परत फिरून पाहत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वाळूतून वर येतात. पण ती वर येण्याआधीच अंडी कुत्री-कोल्हे उकरीत, नाहीतर माणसे काढून नेत, खात, विकत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा होता. कायदा कागदावर आणि अंडी टोपलीत, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून येथे काम सुरू केले. पद्धत साधी होती. पहाटे किनारा पालथा घालायचा, मादीच्या सरपटण्याच्या खुणेवरून घरटे शोधायचे, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची, पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची. या पहाऱ्याला गावातलीच माणसे घेतली. पुढे २००६ पासून ‘कासव महोत्सव’ भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी आपल्याच घरांत त्यांची राहण्याजेवण्याची सोय केली. नंतर वनखात्याने आणि कांदळवन कक्षाने हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांत नेले. दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यातही असाच महोत्सव भरू लागला.

यात नेमके काय घडले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण ‘लोकजागृती झाली’ एवढ्या एका शब्दात ते उडवून लावले जाते. अंडे विकून एखाद्याला मिळणारा पैसा थोडा होता आणि एकदाच मिळायचा. तेच अंडे वाळूत राहिले तर त्यातून निघणारे पिल्लू पाहायला माणूस येतो. त्याला चहा लागतो, जेवण लागते, रात्रीचा निवारा लागतो, आणि तो पैसा वर्षानुवर्षे येत राहतो. म्हणजे ज्या वस्तूचा नाश करून पोट भरत होते तिच्याच रक्षणातून पोट भरू लागले. रक्षण करणारा आणि कमावणारा एकच झाला. शिवाय एका घराने अंडी चोरली तर दहा घरांचे नुकसान होणार, म्हणून गावाचा डोळा हाच पहारेकरी झाला. तीस वर्षांत जे कायद्याला साधले नव्हते ते या हिशेबाने साधले. स्थानिक उद्योग मोठ्या प्रश्नाला उत्तर कसे देऊ शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. त्या कामाचे मोल मी तसूभरही कमी करू इच्छीत नाही.

आता त्या गृहस्थाच्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न एकट्या वेळासला लावायचा नाही. वेळाससारखे व्हायला निघालेल्या साऱ्या किनाऱ्याला लावायचा आहे. पाहुण्यांना घरात उतरवण्याच्या या धंद्याचे भांडवल कोणते? लोक म्हणतात, काहीच भांडवल लागत नाही, घर तर असतेच! हे ‘असतेच’ फार फसवे आहे. ओटी, माजघर, माडी, पाठीमागे परसू, विहीर, दोन पाहुणे जादा आले तर पडवीत अंथरूण, असे घर कोकणात कोणाकडे असते? ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन होती त्याच्याकडे.

या जिल्ह्यातल्या जमिनीचा इतिहास म्हणजे खोतीचा इतिहास. गावचा सारा गोळा करणारा खोत गावचाच मालक होऊन बसला; कुळाचे घर ज्या मातीवर उभे, ती मातीही पुष्कळदा त्याची. बाबासाहेबांनी १९२९ साली चिपळूणच्या परिषदेत खोतीविरुद्ध आवाज उठवला, १९३७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्यात कुणबी होते, महार होते, एकत्र होते. खोती कायद्याने जायला १९४९ साल उजाडले. कूळकायद्याने ज्यांची नावे सातबाऱ्यावर लागली त्यांच्या हाती काही जमीन आली. ज्यांचे नाव कूळ म्हणूनही कोठे लागले नव्हते, त्यांच्या हाती काय आले? गावाबाहेरची वाडी आणि सरकारने पुढे दिलेले घरकुल.

रमाई आवास योजनेतले घरकुल २६९ चौरस फुटांचे असते. त्यात नवरा-बायको, पोरे, म्हातारी आई. पाहुणा उतरवायचा कोठे? म्हणजे ज्याला आपण ‘बिनभांडवली धंदा’ म्हणतो त्याचे भांडवल शंभर वर्षांपूर्वीच वाटले गेले आहे, आणि ज्या रेषांवर ते वाटले गेले त्याच रेषांवरून आज पर्यटनाचा पैसा वाहतो. आंब्याचेही तेच. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणचे डोंगर हिरवे केले हे खरे, पण कलम लागले ते ज्याच्या नावाने सातबारा होता त्याच्या डोंगरावर. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीला झोडपले तेव्हा भरपाई मिळाली ती झाडांची आणि छपरांची. त्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईचा पुढच्या चार हंगामांचा रोज बुडाला. त्याचा पंचनामा करायला रकानाच नव्हता.

समजा, घरही बांधले. माझ्या आत्याचे उदाहरण सांगतो. किनाऱ्यापासून जवळच असलेल्या एका गावात ती राहते. गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तिचा मुलगा मुंबईत नोकरी करून पैसे साठवीत होता. त्याने वाडीतल्या घराला लागून दोन खोल्या काढल्या, संडास-न्हाणीघर केले, बचतगटातून थोडे कर्ज उचलले आणि पाटी लावली. आत्याच्या हाताला चव अशी की, तिने केलेले सुकट आणि तांदळाची भाकरी खाऊन माझे प्राध्यापक मित्र आजही तिची आठवण काढतात. पहिल्या हंगामात फोन येत. विचारणा होई, दर ठरे आणि मग हळूच प्रश्न येई, “आडनाव काय आपलं?” आडनाव सांगितले की, “बरं, कळवतो.” मग कळवणे काही होत नसे. एकदा एक कुटुंब थेटच आले. खोली पाहिली, पसंत पडली. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर होती. रात्री त्यांनी निरोप दिला की, आम्ही वाटेत जेवून आलो आहोत. सकाळी चहाही न घेता निघाले. खोलीचे पैसे मात्र पुरे दिले. माणसे सुसंस्कृत होती! आत्याने रात्रीचा पातेलेभर भात शेजारच्या पोरांना वाढला.

आतेभाऊ व्यवहारी. तो म्हणाला, “आये, पाहुण्यांच्या खोलीतले फोटो तेवढे आतल्या खोलीत लावू.” आत्या म्हणाली, “फोटो काढला तर घर कुनाचा म्हनून सांगू?” फोटो राहिला. दुसऱ्या हंगामात पाहुणे आणखी कमी झाले. कर्जाचे हप्ते मुंबईच्या पगारातून गेले.

हे वाचून कोणी म्हणेल की, एका घराच्या अनुभवावरून सिद्धांत कशाला? सिद्धांत माझा नाही. १९१७ च्या सुमारास परदेशी शिक्षण अर्धवट ठेवून परतल्यावर बाबासाहेबांनी चरितार्थासाठी मुंबईत शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. कोलंबियाच्या विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. सल्ल्यात खोट नव्हती. सल्लागार अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळले आणि व्यवसाय बसला. बाजारात माल पाहिला जातो, माणूस पाहिला जात नाही, असे अर्थशास्त्राचे पुस्तक सांगते. आपल्याकडे मालाला आडनाव असते. आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात गेली की कोणी आडनाव विचारीत नाही. भाकरीला आणि अंथरुणाला मात्र विचारतात. नवा पर्यटन व्यवसाय उभा आहे तो नेमका भाकरी आणि अंथरूण यांवर, जेथे जात सर्वांत घट्ट बसली आहे. दलित उद्योजकतेचा विचार करताना हा भेद फार कमी लोक करतात. कोणता माल विकणाऱ्यापासून सुटा होऊन बाजारात जातो आणि कोणता विकणाऱ्याच्या हाताशी, चुलीशी, घराशी बांधलेला राहतो, हे धंदा निवडण्याआधी पाहिले पाहिजे. (आणि जातीचे नाव पाटीवर लिहून ‘अमुक पद्धतीचे जेवण’ विकणाऱ्या खानावळी आपण रोज पाहतो. तेथे आडनाव हेच भांडवल असते.)

त्याच काळात, १९१८ साली, बाबासाहेबांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. आमच्या विद्यार्थ्यांना मी तो मुद्दाम वाचायला लावतो. जमिनीचे तुकडे जोडले की शेती सुधारेल असे त्या वेळचे शहाणे म्हणत होते. बाबासाहेबांचे म्हणणे वेगळे. जमीन लहान की मोठी हे नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही. तिच्यावर किती भांडवल, किती अवजारे, किती माणसे यावर ठरते. शेतीवर बिनकामाची माणसे फार झाली आहेत. ती उद्योगात गेली पाहिजेत. हा विचार कोकणाला तंतोतंत लागू पडला, फक्त उद्योग कोकणात आला नाही, कोकणातली माणसे उद्योगाकडे गेली. लष्कराची भरती गेल्या शतकाच्या आधीच महारांना बंद झाली होती. मग गोदी, गिरण्या, रेल्वे, मुंबईची नगरपालिका. माझे आजोबा गोदीत हमाल होते. वडील कारखान्यात. गावी मनीऑर्डर यायची आणि पोस्टमनची वाट पाहत आई दारात उभी असायची. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली, आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका निघाल्या. पुरुष कोठे गेले हे सांगायला नको. वाडीतली अर्धी घरे कुलपात असतात. शिमग्याला, १४ एप्रिलला उघडतात. २०२० च्या टाळेबंदीत ती एकदम उघडली. मुंबईने पाठवून दिलेले तरुण तेव्हा वाडीच्या पारावर बसून विचारीत होते, “इथंच काही करता येईल का?” ‘स्थानिक उद्योग’ हा शब्द माझ्यासाठी तेव्हापासून चर्चासत्राचा राहिला नाही.

सरकारी योजना नाहीत असे नाही. महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर काढली. २०१२ साली केंद्र सरकारने आपल्या खरेदीतला चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी राखला. २०१६ मध्ये ‘स्टँड अप इंडिया’ आली. यांतून काही माणसे खरोखर वर आली, त्यांचा अभिमान आहे. परंतु ‘स्टँड अप इंडिया’चे कर्ज सुरूच व्हायचे दहा लाखांपासून. दोन खोल्या काढणाऱ्याला किंवा खेकड्याचे पिंजरे टाकणाऱ्याला दहा लाख घेऊन काय करायचे होते? त्याखालची मुद्रा कर्जे आहेत. पण बँकेच्या दारात गेलेल्या आमच्या पोरांना पहिला प्रश्न विचारला जातो तो सातबाऱ्याचा. आणि सरकारी खरेदीतला चार टक्क्यांचा वाटा पर्यटकाच्या जेवणाला लागू नाही.

मग वाट कोठे आहे? मला दिसतात अशा दोन जागा.

पहिली खाडीची. खाडीला सातबारा नाही. शासनाने २०१७ पासून कांदळवनाच्या कडेच्या गावांसाठी उपजीविकेची योजना चालवली. खेकडापालन, कालवे, पिंजऱ्यातला जिताडा असे उद्योग त्यात आहेत. एकट्यापेक्षा गटाला अनुदान अधिक. येथे हिशेब वेळाससारखाच आहे: कांदळवन तुटले तर खेकडा नाही, म्हणून खेकडा पाळणारा कांदळवन राखतो. आणि खेकडा ट्रकमध्ये बसून मुंबईला गेला की तो कोणाच्या पिंजऱ्यातला हे कोणी विचारीत नाही. खाडीकाठच्या आमच्या वाड्यांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उतरून कालवे फोडत आल्या आहेत. ज्ञान आहे, हात आहेत. मात्र गट कागदावर कोणाचा आणि पिंजऱ्यांवर हक्क कोणाचा हे पहिल्या सभेतच लिहून घ्यावे लागते. एरवी आमच्या बायका सह्यांपुरत्या आणि चिखलापुरत्या राहतात.

या वाटेवर एक मोठा धोंडा आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी दाभोळच्या खाडीत जाऊन मासळी मरते, ही त्या खाडीवर जगणाऱ्या भोई लोकांची जुनी तक्रार आहे. वर विष सुटत असेल तर खाली पिंजरे टाकून काय उपयोग? येथे बचतगट कामाचा नाही. येथे कायदा, प्रदूषण मंडळ, न्यायालय आणि मोर्चाच लागतो. कासवाचेही तसेच. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. उष्णता वाढली की माद्या अधिक. जगाचे हवामान तापवणाऱ्यांना वेळासचा पहारेकरी अडवू शकत नाही. छोट्या उद्योगाच्या डोक्यावर साऱ्या जगाच्या पापाचे ओझे ठेवणे आणि मोठ्यांना मोकळे सोडणे, ही सध्याची फॅशन आपण मान्य करता कामा नये.

दुसरी जागा आपल्याच इतिहासाची. वेळास ज्या मंडणगड तालुक्यात, त्याच तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. शेजारी दापोली, लष्करातून निवृत्त झाल्यावर रामजी सुभेदार काही काळ तेथे राहिले, आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर हेही तेथलेच पेन्शनर. खाडी ओलांडून घाटाच्या पायथ्याला गेले की महाडचे चवदार तळे. या वाटेने वर्षभर आपली माणसे येतात. २० मार्चला तर रीघ लागते. या माणसाला आमच्या भिंतीवरची तसबीर खटकत नाही, तिच्यासाठीच तो आलेला असतो. त्याला बौद्धवाडीतल्या घरी जेवायला, झोपायला, रात्री म्हाताऱ्यांच्या तोंडून खोतीच्या काळच्या गोष्टी ऐकायला का मिळू नये? काही कार्यकर्ते मित्र यावर रागावतात. बाबासाहेबांचा बाजार मांडता का, म्हणतात. त्यांच्या रागात तथ्य आहे. प्रेरणेच्या जागेची जत्रा होऊ शकते. शिवाय आपणच आपल्यांना भाकरी विकायची, म्हणजे वाडीची भिंत आतून लिंपून घेणे नव्हे काय? ही शंका मलाही छळते. पण पाटी काढून आतेभाऊ पुन्हा मुंबईला गेला त्या दिवशी मी त्याच्यासमोर ही शंका काढू शकलो नाही.

यंदा आमच्या महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन मी किनाऱ्यावरच्या गावांत एक साधी पाहणी सुरू केली आहे. विचारतो तीनच गोष्टी: पाहुणे कोणाच्या घरात उतरतात, त्यांचे जेवण कोण रांधते आणि हंगाम संपल्यावर किती रोज कोणाच्या हाती पडला. पोरांना पहिल्या दोन गावांत उत्तर मिळाले की, “आमच्याकडे असं काही नाही, सगळे मिळून करतो.” मी त्यांना परत पाठवले आणि घरे मोजून यायला सांगितले. ती मोजणी चालू आहे. ज्या गावांत पर्यटन समिती आहे तेथे बौद्धवाडीचा एक तरी माणूस समितीत आहे का, आणि पाहुणे पाळीपाळीने सर्व घरांत वाटण्याचा नियम आहे का, हेही त्यांना पाहायला सांगितले आहे. अशी पाळी असली की आडनाव विचारण्याची सोय पाहुण्याकडे उरत नाही. हा नियम करायला पैसा लागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि ठराव मांडायला वाडीतून कोणीतरी उठून उभे राहावे लागते.

आत्या गावीच आहे. गेल्या मार्चमध्ये महाडला निघालेल्या दोन गाड्या तिच्या अंगणात थांबल्या होत्या. बावीस माणसांचा स्वयंपाक तिने आणि वाडीतल्या तिघींनी मिळून केला. पैसे चौघींनी सारखे वाटून घेतले. कर्जाचे अजून सात हप्ते आहेत.